केळीच्या मुकादमाचं पथ्य

आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नये, हा एक नियम रावेर तालुक्यात सगळ्या जातिधर्मांचे लोक सारख्याच निष्ठेनं पाळतात. दुसऱ्या लाटेच्या त्या एप्रिलमध्ये प्रशासनानं पेशंटला भेटायला बंदी घातली. पण हात रिकामे ठेवा, असं कुठल्याही आदेशात म्हटलं नव्हतं. त्यामुळे लोक जळगावला येत, कोविड रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभे राहत आणि स्वतःऐवजी पिशवी आत पाठवत. पिशवीवर स्केचपेननं पेशंटचं नाव असलं की ती आत जाई. तिला मास्क लागत नव्हता, पास लागत नव्हता, आणि तिचा रिपोर्टही कुणी मागत नव्हतं.

सगळ्यात जास्त पिशव्या 'भिकन आबा तायडे' या नावाच्या असत.

आबा केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम. कोणता घड आज उतरवायचा आणि कोणता चार दिवस ठेवायचा, हे ते बोटानं दाबून सांगत. त्यांनी भरलेला ट्रक दिल्लीला पोचेपर्यंत पिकत नसे आणि पोचल्यावर पिकल्यावाचून राहत नसे, असं व्यापारी म्हणत. व्यापारी एरवी कुणाबद्दल चांगलं बोलत नाहीत. आबांचा दुसरा गुण असा, की कुणी पुढे केलेलं ताट त्यांनी आयुष्यात परत पाठवलं नव्हतं. ज्या काळात त्यांना वेगळ्या कपात चहा मिळे, त्या काळातही त्यांनी चहा घेतला होता, कप फोडला होता आणि "हातातून निसटला" म्हणून सांगितलं होतं. पण चहा घेतला होता.

अशा माणसाला कोरोना झाला. रावेरला ऑक्सिजन नव्हता, धुळ्याला खाट नव्हती, जळगावात दोन्ही होतं, म्हणून जळगाव. मुलगा प्रशील धुळ्याला देवपुरात राहायचा, ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. कॉलेज मोबाईलमध्ये भरत असल्यामुळे तो जळगावच्या फाटकाबाहेर बसून मूलद्रव्यं शिकवू शकत होता. आई द्रौपदाबाई नशिराबादला बहिणीकडे उतरली होती. तिथून तिचा डबा रोज यायचा.

पहिले काही दिवस सगळं बरं चाललं होतं. म्हणजे ज्या गोष्टीला त्या महिन्यात बरं म्हणत, तसं. ऑक्सिजन लावलेला होता, आबा व्हिडिओ कॉलवर मास्क वर करून बोलत होते आणि सिस्टर त्यांना मास्क खाली करायला सांगत होती.

एका सकाळी टोळीतला पितांबर पिकअप घेऊन आला. मागे शहाळी, आणि शहाळ्यांवर केळीच्या फण्या, पानांत गुंडाळलेल्या.

"जय भीम, सर. आबाले सांगा, बठ्ठी टोळी आली म्हना."

"टोळी कुठंय?"

"टोळी बागात. टोळीचा माल आला."

"पितांबरभाऊ, आबा एकटे आहेत. एवढं कोण खाणार?"

"वार्डात वाटतील. आबा काय एकले खाता व्हय?" पितांबरनं मास्क हनुवटीवर घेतला. महत्त्वाचं बोलताना तो तसा घेत असे. "अन् हे पाहा सर, केळं आपल्या हातचं शे. औषधपाणी डॉक्टरनं करावं. ताकद आपन द्यावी."

ही कामाची वाटणी प्रशीलला पटली. त्यानं स्वतःच पिशव्यांवर नाव घातलं.

दुपारी डॉक्टर तबस्सुम यांचा फोन आला. रोज दुपारी त्या वरून फोन करत आणि खाली फाटकाबाहेर बसलेला एकेक नातेवाईक फोन कानाला लावून उभा राहत असे. बसून ऐकण्याची कुणाची हिंमत होत नसे.

"प्रशील सर, आबांचा ऑक्सिजन ठीक आहे. पण लघवी कमी झालीये. क्रिएटिनिन वाढलंय."

"म्हणजे?"

"किडनीवर परिणाम झालाय. या आजारात दाखल झालेल्या बऱ्याच जणांचं होतंय. फुप्फुस धरून बसतो आपण आणि किडनी मागच्या दारानं निघते." त्या थकलेल्या होत्या, म्हणून असं बोलल्या असाव्यात. "पोटॅशियम पण वाढलंय. ते जास्त झालं तर हृदय थांबू शकतं. त्यांच्या खाटेखाली शहाळी आहेत. केळी आहेत. कुणी पाठवली?"

"आम्हीच. ताकदीसाठी."

"दोन्हींत भरपूर पोटॅशियम असतं, सर. आजपासून पूर्ण बंद."

प्रशील सोळा वर्षं पोटॅशियम शिकवत होता. पाण्यात टाकलं की पेटतं, म्हणून रॉकेलमध्ये ठेवतात, आणि हा प्रश्न हमखास येतो, इतकं तो खात्रीनं सांगत असे. ते आपल्या बापाच्या खाटेखाली फणीनं ठेवलेलं असतं, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं.

"म्हणजे केळ्यांमुळे किडनी..."

"नाही. किडनी कोरोनानं गेली. केळ्यानं नाही. पण गेलेल्या किडनीला केळं झेपत नाही."

हे वाक्य त्यानं जसंच्या तसं 'तायडे परिवार' या ग्रुपवर टाकलं. लोकांनी त्यातलं 'किडनी' आणि 'केळं' वाचलं आणि हात जोडले.

ग्रुपचे ॲडमिन रूपचंदकाका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा लगेच फोन आला.

"प्रशील, लघवी होत नाही म्हणतोस ना? मग शहाळं बंद कसं करतोस? वरून सोडल्याशिवाय खालून येईल कसं?"

"काका, वरून सोडलेलं अंगातच साठतंय. डॉक्टरांनी पाणीसुद्धा मोजून द्यायला सांगितलंय."

"मोजून? एप्रिलमध्ये? अरे, आम्ही चाळीसगावच्या टंचाईत ढोरांना मोजून पाणी दिलं नाही."

"आबा ढोर नाहीत, काका."

"म्हणून तर म्हणतो!"

काका जिंकले होते आणि ते त्यांना माहीत होतं.

त्या दिवसापासून तायडे परिवारात एकच प्रश्न उरला. सकाळी गौतम बुद्धांच्या फोटोखाली शुभ सकाळ, आणि त्याखाली: आबांना लघवी झाली का? आत्या विचारायच्या, भाचे विचारायचे, सुरतेला असलेले जावई विचारायचे. ज्या माणसानं उभ्या हयातीत बागेच्या टोकाला जाताना कुणाला सांगितलं नव्हतं, त्याच्या लघवीचा आकडा रोज तीन जिल्ह्यांत आणि एका परराज्यात जाहीर होऊ लागला. थोडी झाली की अंगठे येत. कमी झाली की हात जोडलेले येत. एकदा प्रशीलनं चुकून कालचाच आकडा टाकला, तर भुसावळच्या आत्यानं कळवलं, काल पण एवढीच होती, नीट विचार.

आईला पथ्य सांगणं आणखी अवघड होतं. तो नशिराबादला गेला आणि अंगणातच उभा राहिला. आत यायचं नाही, असं त्यानंच ठरवलं होतं.

"केळं नको, नारळपाणी नको, मोसंबी नको, टमाटे नको, बटाटा नको, डाळीचं पाणी नको."

द्रौपदाबाईनं पदर सावरला. "बरं. मंग खावं काय माणसानं?"

"भाजी चिरून, उकडून, ते पाणी फेकून द्यायचं आणि मग करायची."

"पानी फेकायचं? सत्त्व गटारीत, अन् चोथा तुह्या बापाले?"

"आई, सत्त्वच नकोय त्यांना."

हे आपण काय बोललो, असं त्याचं त्यालाच वाटलं. आई त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिली. लहानपणी तो एकदा गणितात नापास झाला होता, तेव्हा तिनं असंच पाहिलं होतं. मुलगा हुशार आहे, पण कुणीतरी त्याला फसवलंय, अशा नजरेनं.

तरी तिनं ऐकलं. भाजी उकडली, पाणी फेकलं. डबा आला. प्रशील फाटकावर उभा राहू लागला आणि बापाच्या नावानं येणाऱ्या पिशव्या परत पाठवू लागला. सावद्याचा एक जुना व्यापारी स्वतः गाडी घेऊन आला, त्याची खजुराची पेटी परत गेली. मावशीचा मुलगा आला, त्याचं सूप परत गेलं. लोक पिशवी घेऊन थोडं लांब जाऊन उभे राहत आणि तिथून त्याच्याकडे पाहत. त्यातल्या एकाचं बोलणं त्याला ऐकू आलं.

"प्रोफेसर झाला ना. बापाचं तोंड बंद करी राह्यला."

दुसरा म्हणाला, "ज्युनिअर कॉलेजचा. प्रोफेसर म्हनत नाही त्याले."

आबा व्हिडिओ कॉलवर दिसत. चेहरा सुजलेला, त्यामुळे उलट तब्येत सुधारल्यासारखी वाटे. रूपचंदकाकांनी तो स्क्रीनशॉट 'आबा भरले' असं लिहून ग्रुपवर फिरवला.

"प्रशील," आबा मास्कमधून म्हणाले, "पानी कमी देता रे हे."

"आबा, किडनीला त्रास आहे. थोडे दिवस."

"तहान लय लागते."

"हो आबा."

"तू सांग ना त्यांना. तू शिकेल शे."

शिकलेल्या माणसानं हो म्हटलं आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

असं करूनही पोटॅशियम उतरेना. औषधानं खाली यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. डॉक्टर तबस्सुमनी दुपारी विचारलं, "सर, तुम्ही बाहेरून काही देताय का?"

"फक्त आईचा डबा. भाजीचं पाणीसुद्धा फेकलेलं असतं."

"नक्की?"

"डॉक्टर, मी फाटकावरच असतो. तुम्ही बंद सांगितल्यापासून माझ्या हातून एक केळं आत गेलेलं नाही."

तो खरंच बोलत होता. त्याच्या हातून गेलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चादर बदलताना सिस्टरला गादीखाली केळीची सालं सापडली. व्यवस्थित, एकात एक घातलेली. केळीच्या मुकादमाला शोभतील अशी. त्या वॉर्डात साफसफाईला सुगंधाबाई होत्या. त्यांचा भाऊ आबांच्या टोळीत. टोळीची तिथपर्यंत पोच आहे, हे प्रशीलच्या ध्यानात आलं नव्हतं. पितांबर रोज पहाटे भाजीच्या गाडीवरून दोन केळी पाठवायचा, सुगंधाबाई ती टॉवेलात घालून आत न्यायच्या आणि आबा ती खायचे. भूक नव्हती, चव नव्हती, तरी खायचे. कारण पाठवणाऱ्यानं एवढ्या लांबून पाठवलेली असायची.

प्रशीलनं पितांबरला फोन लावला. बोलायचं खूप ठरवलं होतं.

"पितांबरभाऊ, तुम्ही आबांना केळी देत होता?"

"व्हय," पितांबर म्हणाला. आवाजात लाज नव्हती, उलट आपलं काम कुणाच्या तरी लक्षात आल्याचं समाधान होतं. "सर, तुम्ही आबाले उपाशी ठेवी राह्यले म्हनून बाई रडत होती."

"कोण बाई?"

"तुमची आई."

प्रशीलनं फोन खाली घेतला. मग पुन्हा कानाला लावला.

"सर? चुकलं का काही?"

पितांबरनं आयुष्यात आबांना उपाशी पाहिलं नव्हतं आणि पाहू शकतही नव्हता. केळ्यानं माणसाचं भलं होतं, यावर त्याचं घर उभं होतं. रावेरचा अर्धा तालुका उभा होता. त्याला काय सांगायचं?

"नाही," प्रशील म्हणाला. "आता मात्र पाठवू नका."

"बरं. मंग काय पाठवू?"

डायलिसिस करावं लागणार, असं डॉक्टर तबस्सुम म्हणाल्या. केळ्यांनी घाई झाली. पण ती वेळ येणारच होती, असंही म्हणाल्या. हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यामुळे प्रशीलचा त्यावरचा विश्वास कमी झाला. जळगावात पॉझिटिव्ह पेशंटला लावायच्या मशीनपुढे रांग होती, आणि आबांच्या पोटॅशियमला रांगेत उभं राहायची सवय नव्हती. धुळ्याला एक मशीन मोकळं होतं. मशीन मोकळं कसं झालं, हे विचारायचं नसतं, एवढं त्या महिन्यात सगळ्यांना कळलं होतं.

ॲम्ब्युलन्समागे मोटारसायकल घालून प्रशील एरंडोल, पारोळा करत धुळ्याला आला. रस्ता चौपदरी होत होता, म्हणजे जागोजागी एकपदरी होता. प्रत्येक खड्ड्याला ॲम्ब्युलन्सचं मागचं दार हलायचं आणि तो त्या दाराकडे बघत गाडी चालवायचा. आत बाप, मागे मुलगा. मध्ये एक काच होती आणि तिच्यावर स्वतःची काळजी घ्या असं लिहिलं होतं.

रुग्णालयापासून त्याचं घर पांझरा नदीच्या पलीकडे, इतकं जवळ की गच्चीवरून वॉर्डाच्या खिडक्या दिसत. ज्या बापाला गेल्या दोन दिवाळ्यांना 'या ना आबा धुळ्याला' म्हणून सांगूनही आणता आलं नव्हतं, तो असा आला. आईलाही दीपमालानं, त्याच्या बायकोनं, नशिराबादहून आणवलं. आई गच्चीवर जाऊन खिडक्यांकडे पाही. कोणती खिडकी आबांची, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिनं एक ठरवून टाकली होती.

पहिलं डायलिसिस पार पडलं. मानेत नळी घातली, रक्त बाहेर काढून धुऊन आत सोडलं. पोटॅशियम उतरलं. ग्रुपवर असा जल्लोष झाला की सुरतेच्या जावयांनी पेढ्याचा फोटो टाकला. रूपचंदकाकांनी लिहिलं, 'शेवटी फिल्टर साफ करावा लागला.' खात्यातला माणूस. त्याला आता कुठं विषय कळला होता.

दुसऱ्या वेळी मशीन लावल्यावर आबांचं प्रेशर पडलं. थांबवलं. प्रेशरचं औषध चढवून परत लावलं, परत पडलं. इकडे फुप्फुसंही थकत चालली होती. मोठे डॉक्टर फोनवर म्हणाले, "किडनीला मशीन हवंय आणि शरीराला मशीन झेपत नाहीये." प्रशीलनं विचारलं, "मग काय करायचं?" डॉक्टर म्हणाले, "आम्ही प्रयत्न करतोय." या वाक्याचा अर्थ काय होतो, हे तोवर शहरातल्या प्रत्येक घराला समजलेलं होतं, फक्त आपल्या घरात तो तसा होत नसतो, असं प्रत्येक घराला वाटत होतं.

ग्रुपवर प्रश्न येतच होता. आबांना लघवी झाली का? प्रशील 'नाही' लिही. नुसतं 'नाही' वाईट दिसतं म्हणून पुढे 'अजून' लिही. अजून नाही.

एका दुपारी फोन आला तेव्हा तो आंघोळीला गेला होता. फोन आईनं उचलला. तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला, तर आई स्वयंपाकघरात उभी, फोन दोन्ही हातांत धरलेला, आणि चेहरा असा की कित्येक दिवसांत त्यानं तो पाहिला नव्हता.

"डॉक्टरचा फोन व्हता," ती म्हणाली. "मोठ्या डॉक्टरचा. म्हने, आई, आबा काय मागता ते द्या. आता पथ्य नको. थोडं थोडं, पन मनासारखं खाऊ द्या."

प्रशीलनं टॉवेलची गाठ घट्ट केली.

"मी विचारलं, पानी? तं म्हने, पानी पन द्या. किती बी." तिनं फोन कट्ट्यावर ठेवला आणि परत उचलून पदरानं पुसला. "मी म्हनत नव्हती? माणसाले खाऊ घातल्याशिवाय उठत नाही माणूस. तू मोजून देत बसला."

"ते अजून काय म्हणाले, आई?"

"म्हने, मुलाले येऊन जाऊ द्या. पीपीई का काय घालून दोन मिनिटं भेटू देतो म्हने. पाहा, आता भेटू बी देता! बरं असल्याशिवाय भेटू देता का?"

दीपमाला पोळपाट हातात घेऊन उभी होती. तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पोळपाट हळूच, आवाज न करता खाली ठेवला. त्या खोलीत तिघं होते, दोघांना समजलं होतं, आणि आनंद मात्र तिसरीला झाला होता. तो काढून घ्यायचा तर कुणी घ्यायचा? डॉक्टरांनी तो फोनवर देऊन टाकला होता आणि दुसऱ्या घराचा नंबर लावला होता.

तेवढ्यात आईनं ग्रुपवर आवाज पाठवलाही. तिला लिहिता येत नसे, बोलता भरपूर येई. "बठ्ठ्याले सांगते, आबाचं पथ्य सुटलं. डॉक्टरनंच सांगितलं." अंगठे आले, हार आले, निळे झेंडे आले. भुसावळच्या आत्यानं विचारलं, 'म्हणजे झाली का?' पितांबरनं विचारलं, 'सर आता पाठवू का?' रूपचंदकाकांनी मात्र काहीच लिहिलं नाही. त्यांनी थेट फोन केला. प्रशीलनं तो उचलला. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, मग "बरं, बरं," एवढंच म्हणून काकांनी ठेवून दिला.

आई पीठ काढत होती. कळण्याची भाकरी, आबांना तीच आवडते. ज्वारीत उडीद, म्हणजे सगळं वर्ज्य एकाच पिठात. तिनं बाह्या सरसावल्या, पाणी घातलं, मळायला घेतलं. हात भराभर चालत होते. कितीतरी दिवस ती आळणी, उकडलेलं, निचरलेलं रांधत आली होती. कुणाच्याही तोंडची चव जावी असं.

"वांगं शे का घरात?" तिनं विचारलं.

"आहे," दीपमाला म्हणाली आणि वांगं गॅसवर भाजायला ठेवलं. धूर झाला. डोळ्यांत पाणी यायला एक कारण झालं.

प्रशीलनं शर्ट घातला. खिशात मास्क आहे का पाहिलं, आधार कार्ड आहे का पाहिलं. आता आईला सांगायला हवं, असं त्याला वाटलं. भाकरी होऊ दे, मग सांगू. डबा भरू दे, मग सांगू. दोन मिनिटं भेटून येऊ, मग.

"प्रशील," आईनं पाठमोरीच विचारलं, "मीठ नेहमीसारखं घालू ना रे?"

"घाल," तो म्हणाला.